गेल रसेल: भीती, पॅरामाउंट आणि व्होडका

कृष्णधवल (प्रश्न)

१९४० च्या दशकातली हॉलिवूडची नटी गेल रसेल, तिच्याबद्दल जिथे बघावं तिथे एकच वाक्य सापडतं: फार लाजाळू होती, कॅमेऱ्याला घाबरायची, म्हणून प्यायला लागली आणि छत्तिसाव्या वर्षी गेली. एवढ्यानं समाधान होत नाही. लाजाळू माणसं हॉलिवूडमध्ये कमी नव्हती, पण सगळ्यांचं असं झालं नाही. ही भीती कामाच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आडवी यायची? स्टुडिओला ती दिसत होती, तर त्यांनी काय केलं? आणि कुठले सिनेमे कुठल्या क्रमानं बघितले म्हणजे हे पडद्यावर समजतं? नट जॉन वेनशी तिचं नाव जोडलं गेलं, त्यात तथ्य किती, तेही कुणी सांगावं. (जेन रसेल ही वेगळी नटी, दोघींचं काही नातं नाही.)

रीळ नंबर नऊ

सुरुवात १९४२ पासून करायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच ठरलं. जन्म शिकागोचा, २१ सप्टेंबर १९२४. घरचे लॉस एंजेलिसकडे आले आणि ती सँटा मोनिका हायस्कुलात शिकली. तिला चित्रकार व्हायचं होतं. पॅरामाउंट स्टुडिओनं करार केला तो केवळ चेहऱ्यावर. वय अठरा, नाटकाचा अनुभव शून्य. स्टुडिओनं शिकवणी लावली, १९४३ मध्ये हेन्री ऑल्ड्रिच मालिकेतल्या एका विनोदी सिनेमात छोटी भूमिका दिली, आणि लगेच पुढच्या वर्षी 'द अनइनव्हायटेड'मध्ये रे मिलँडसमोर नायिका म्हणून उभी केली. शिकायला असा वेळ फारसा मिळालाच नाही.

आता भीती कुठे आडवी यायची ते. सिनेमात ओळ नुसती पाठ असून भागत नाही. जमिनीवरच्या खुणेवर पाय पडला पाहिजे, नाहीतर चेहरा प्रकाशातून आणि फोकसमधून सुटतो. मान ठरलेल्या कोनात वळली पाहिजे. तिचा आवाज मुळात हळू होता, आणि अशा आवाजासाठी माइक खाली आणला की त्याची सावली चौकटीत येण्याची धास्ती. तीस-चाळीस माणसं गप्प उभी राहून आपल्याकडेच बघतायत, या अवस्थेत हे सगळं एका दमात करायचं. घाबरलेल्या माणसाची ओळ आधी जाते, मग खूण चुकते, मग टेक पुन्हा. प्रत्येक रीटेक म्हणजे चाळीस माणसांसमोर आणखी एकदा नापास होणं.

'द अनइनव्हायटेड'चा दिग्दर्शक लुईस ॲलन रंगभूमीवरून आलेला, त्याचा हा पहिलाच मोठा सिनेमा. पाच-सहा ओळींच्या पुढे तिचा धीर टिकत नसे आणि ती रडू लागे, असं त्यानंच पुढे सांगितलंय. उपाय एकच होता, प्रसंगाचे लहान लहान तुकडे करून घेणं. पियानोचा प्रसंग या दृष्टीनं बघा. मिलँड 'स्टेला बाय स्टारलाइट'ची धून वाजवतोय, मेणबत्त्या मंदावतात, सूर उदास होत जातो, आणि स्टेला, म्हणजे गेल, एकाएकी उठून कड्याकडे धावत सुटते. गेलच्या वाट्याला बोलणं थोडंच आहे. काम आहे ते ऐकण्याचं आणि डोळ्यांचं, आणि चार्ल्स लँगच्या कॅमेऱ्यानं ते डोळे असे टिपलेत की भीती हाच तिचा अभिनय वाटावा. लँगला त्या छायाचित्रणासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. स्टुडिओला बाजारात खपणारी वस्तू सापडली ती इथे. पुढची तीन-चार वर्षं तिला ज्या भूमिका मिळाल्या, त्यात घाबरलेली मुलगी वारंवार येते.

प्यायला सुरुवात कुणी करून दिली, यावर बऱ्याच कहाण्या फिरतात. त्यांत शिरण्यापेक्षा शूटिंगचा दिवस कसा असायचा ते बघितलेलं बरं. आठवड्याचे सहा दिवस, पहाटे मेकअपच्या खुर्चीत, आणि मग लाइट लागेपर्यंत तासन् तास नुसतं बसून राहायचं. धीट माणूस त्या वेळात पत्ते खेळतो. भित्र्या माणसाची धास्ती तेवढा वेळ चढत जाते. अशा बसण्यात एक घोट सहज शिरतो, आणि व्होडकाला फारसा वास नाही.

मुक्ता

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण सगळा दोष पॅरामाउंटवर टाकणं मला पटत नाही. लुईस ॲलनलाच तिचे लागोपाठ तीन सिनेमे दिले: 'द अनइनव्हायटेड', 'अवर हार्ट्स वेअर यंग अँड गे' आणि 'द अनसीन'. त्यानंतर जॉन फॅरोकडे दोन. ओळखीचा दिग्दर्शक मिळाला की ती खुलते हे त्यांना कळत होतं. यातला दुसरा, डायना लिनबरोबरचा हलकाफुलका सिनेमा बघा, ती चक्क खेळकर आहे.

चूक होती ती कराराच्या रचनेत. तेव्हाचा ठरावीक करार सात वर्षांचा. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तो पुढे चालवायचा की नाही ते स्टुडिओ ठरवणार, नट-नटीला तो हक्क नाही. पगार साधारणपणे वर्षातल्या ४० आठवड्यांचा, उरलेले १२ बिनपगारी. भूमिका नाकारली की निलंबन. त्या निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडले जायचे, ते नटी ऑलिव्हिया डी हॅविलँडच्या खटल्यानं १९४४ मध्ये थांबवलं. आणि नटीला दुसऱ्या स्टुडिओला उसनी दिली की तिकडून येणारी रक्कम मोठी असली तरी तिच्या हातात ठरलेला पगारच. वरची मलई स्टुडिओची.

जॉन वेनचं प्रकरण इथेच येतं. 'एंजल अँड द बॅडमन' (१९४७) रिपब्लिक स्टुडिओचा, वेन पहिल्यांदाच निर्माता, आणि गेल पॅरामाउंटकडून उसनी आणलेली. तिच्या पदरात फार कमी पडतंय म्हणून वेन आणि दिग्दर्शक जेम्स एडवर्ड ग्रँट यांनी तिला गाडीच्या पहिल्या हप्त्यासाठी ५०० डॉलर दिले. १९५३ मध्ये वेनच्या घटस्फोटाच्या खटल्यात पत्नीच्या बाजूनं हीच गाडी पुढे आणली गेली आणि गेलचं नाव कोर्टात घेतलं गेलं. पैसे कशाचे ते वेननं साक्षीत सांगितलं. संबंधाचा आरोप त्यानंही फेटाळला आणि तिनंही. सिद्ध काहीच झालं नाही, पण वर्तमानपत्रांना मथळे मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तिला अटक झाली. लोकांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या.

त्याआधीच १९५० मध्ये पॅरामाउंटनं करार पुढे चालवला नव्हता. नट गाय मॅडिसनशी लग्न जुलै १९४९ मध्ये झालं, १९५४ मध्ये मोडलं. १९५१ च्या 'एअर कॅडेट'नंतर पाच वर्षं एकही सिनेमा नाही.

शमा

दारू आणि भीतीचं गणित थोडं सविस्तर सांगते, कारण 'म्हणून प्यायला लागली' या वाक्यात नेमकं तेच सुटतं.

दारू मेंदूतली शांत करणारी यंत्रणा तात्पुरती जोरात चालवते. हात थरथरायचे थांबतात, आवाज फुटतो. रोज घेतली की मेंदू उलट बाजूनं तोल साधायला लागतो. मग रात्रीची उतरली की सकाळी धास्ती मूळच्यापेक्षा जास्त, हातांना कंप, घाम, धडधड. आणि सेटवर जायची वेळ नेमकी सकाळची. म्हणजे औषध म्हणून घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशीची भीती स्वतःच तयार करते आणि मात्रा वाढवावी लागते. १९५० च्या 'द लॉलेस'च्या वेळी ती इथवर आलेली दिसते. त्याचा दिग्दर्शक जोसेफ लोझीनं नंतर सांगितलंय की रात्रीच्या शूटिंगला तिला ओळ आठवेना, हात बर्फासारखे गार पडले होते, आणि तिनं त्याच्याकडेच प्यायला मागितलं. तिला दारू देऊ नका अशी ताकीद त्याला होती. त्यानं दिली आणि प्रसंग पुरा झाला. मला तो माणूस दुष्ट वाटत नाही. त्याला त्या रात्रीचं काम संपवायचं होतं.

तेव्हा उपाय काय होते? दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ पासून होती. दारू सोडवण्यासाठीच्या डायसल्फिराम या गोळीला अमेरिकेत १९५१ मध्ये मान्यता मिळाली, पण तिच्यावर दारू घेतली की त्रास होतो एवढंच, भीतीवर ती काहीच करत नाही. स्टेजच्या भीतीसाठी आज वापरतात ते प्रोप्रॅनोलॉल हे औषध गेलच्या मृत्यूनंतर आलं. मद्यासक्तीला आजार मानून रुग्णालयांनी दाखल करून घ्यावं, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९५६ मध्ये म्हटलं. तिच्या वाट्याला मुख्यतः पोलीस आणि कोर्टच आलं. जुलै १९५७ मध्ये तिची गाडी बेव्हर्ली बुलेव्हार्डवरच्या एका उपाहारगृहात घुसली आणि रात्रपाळीचा सफाई कामगार जखमी झाला. शिक्षा स्थगित ठेवून तीन वर्षं देखरेखीखाली राहायचा आदेश झाला.

ऑगस्ट १९६१ मध्ये ब्रेंटवुडच्या लहानशा घरात ती मृतावस्थेत सापडली. कारण दारूनं खराब झालेलं यकृत आणि कुपोषण. या दोन गोष्टी सुट्या नाहीत. दारूच्या एका ग्रॅममधून सुमारे ७ कॅलरी मिळतात, पण प्रथिनं आणि जीवनसत्त्वं नाहीत. भूक मरते, पोट भरल्यासारखं वाटतं, आणि आधीच चरबी साठलेल्या यकृताला दुरुस्तीचा कच्चा माल मिळत नाही.

कृष्णधवल

मुक्ता, शमा, रीळ नंबर नऊ, मनापासून आभार. सकाळच्या भीतीचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. आता क्रम तेवढा सांगा. 'कलकत्ता' आणि 'साँग ऑफ इंडिया' आपल्याकडचे म्हणून आधी बघावेत का?

रीळ नंबर नऊ

ते दोन शेवटी ठेवा. 'कलकत्ता'तलं कलकत्ता हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेलं आहे. गेल त्यात कपटी बाई आहे, आणि कपट तिच्या चेहऱ्यावर बसत नाही. 'साँग ऑफ इंडिया'त (१९४९) खरा भारतीय एकच महत्त्वाचा, म्हैसूरकडचा नट साबू. गेल राजकन्या तारा.

आधी 'द अनइनव्हायटेड', ९९ मिनिटं. मग 'एंजल अँड द बॅडमन'. याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण अमेरिकेत राहून गेलं, त्यामुळे फुकट प्रती ढिगानं आहेत आणि बहुतेक वाईट. चेहऱ्यावरचा राखाडी रंग जळून पांढरा झालेला असेल तर ती प्रत सोडा, कारण या नटीचं सगळं काम त्याच राखाडीत आहे. मग 'नाइट हॅज अ थाउजंड आइज' (१९४८), निदान रेल्वे यार्डातली सुरुवात तरी. नंतर फ्रँक बोर्झेगीचा 'मूनराइज', ९० मिनिटं, माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम. बोर्झेगी तिला लांब शॉट देतो, नायक डेन क्लार्कच्या अगदी जवळ ठेवतो, आणि ती खालच्या आवाजात बोलत राहते. घाई नाही, म्हणून धीर सुटलेला दिसत नाही.

शेवटी 'सेव्हन मेन फ्रॉम नाउ' (१९५६), ७८ मिनिटं. वेनच्याच कंपनीनं पाच वर्षांनी तिला परत आणलं, दिग्दर्शक बड बॉटिकर. ३१ वर्षांची आहे, डोळ्यांखाली थकवा स्पष्ट दिसतो. रात्री पाऊस पडतोय, ती छकड्यात आडवी, नायक रँडॉल्फ स्कॉट खाली जमिनीवर, मधे फक्त फळ्या. एकमेकांना न दिसता दोघं बोलतात. त्या प्रसंगात आवाज वाढवा आणि फक्त तिच्याकडे बघा.