प्रॉक्समॉक्स: विंडोज ७ च्या व्हीएमचा बॅकअप आहे, रिस्टोअर कसा तपासायचा?

निपाणी_छपाई
छापखान्यातला जुना विंडोज ७ चा पीसी डिस्क२व्हीएचडीनं (चालू डिस्कची फाईल बनवणारं टूल) उचलून प्रॉक्समॉक्सवर घेतलाय, म्हणजे दुसऱ्या मशीनवर (होस्ट) तो आता व्हीएम, आभासी पीसी म्हणून चालतो. आत नुडी (कन्नड टायपिंगचं), पेजमेकर (पानं मांडायचं) आणि मराठी फॉन्टचं डोंगलवालं (यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय न चालणारं) सॉफ्टवेअर आहे. होस्टला आय५, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी. व्हीएमचा आयडी १००, त्याला ४ जीबी रॅम आणि १२० जीबीची साटा डिस्क, पैकी ४५ जीबी भरलीय. बॅकअप रोज रात्री 'लोकल' नावाच्या स्टोरेजमध्ये पडतोय.
रिस्टोअर करून बघितलं तर चालू व्हीएम पुसला जाईल का? आतला डेटा तेवढाच असताना बॅकअपची फाईल का फुगत चाललीय? आणि रोज स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची अवस्था) घेतला तर बॅकअप लागतोच का? लग्नसराई तोंडावर आहे, पत्रिकांची कन्नड-मराठी सगळी कामं ह्याच मशीनवर आहेत.

टिळकवाडी_सर्व्हर
शेवटचं आधी. स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर असतो, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय स्टोरेज एलव्हीएम-थिन (एका सामाईक पूलमधून लागेल तशी जागा देणारं) असेल तर जुने स्नॅपशॉट जागा खात राहतात आणि पूल भरला की व्हीएम आय/ओ एररनं अडकतो. अपडेट करण्याआधी घ्यावा, काम झालं की काढावा. आणि तुमचं 'लोकल'सुद्धा त्याच एसएसडीवर आहे बघा, त्यामुळं आजच्या घडीला तुमच्याकडं खरा बॅकअप नाहीच.

फाईल फुगते कारण विंडोजमध्ये पुसलेल्या फाईलींचे ब्लॉक होस्टला रिकामे झालेले कळत नाहीत. डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड' आणि 'एसएसडी इम्युलेशन' दोन्ही टिक करा, व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा; नुसता रिस्टार्ट पुरत नाही. आधीचा कचरा काढायला आतून एसडिलीट ह्या टूलचा झेड पर्याय एकदा चालवा, मोकळी जागा शून्यांनी भरते. पण ते चालू असताना थिन पूलमध्ये रिकामी जागा हवी.

आता रिस्टोअर. व्हीएम १०० च्या स्वतःच्या 'बॅकअप' टॅबमधून रिस्टोअर दिलं तर १०० च्या डोक्यावरच बसतं, तिथं हात लावू नका. डावीकडं स्टोरेज निवडा, त्यातल्या 'बॅकअप्स'मधून फाईल निवडून रिस्टोअर द्या आणि आयडी ९०० टाका. 'युनिक' टिक करा म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख असलेला मॅक अ‍ॅड्रेस नवा मिळतो. 'स्टार्ट आफ्टर रिस्टोअर' टिक करू नका. चालू करण्याआधी हार्डवेअरमध्ये नेटवर्क कार्डाला 'डिस्कनेक्ट' द्या आणि यूएसबीची नोंद काढा.

मगच चालू करा. लॉगिनचा पडदा आला म्हणजे झालं, असं धरू नका. चेकडिस्क चालवा, सगळ्यात मोठी पेजमेकर फाईल उघडा, नुडीत चार ओळी टाईप करा. झालं की ९०० काढून टाका.

एक बारकावा: मशीन खरोखर गेलं आणि व्हीएम परत उभा करायचा असेल तेव्हा 'युनिक' टिक करू नका. मॅक बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क कार्ड वाटतं, स्टॅटिक आयपी जुन्या अदृश्य कार्डाला चिकटून राहतो आणि प्रिंटर सापडत नाही म्हणून माणूस तासभर केबलच हलवत बसतो.

खानापूर_लिनक्स
बॅकअपला १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. एफस्टॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांची यादी) यूयूआयडीनं (डिस्कचा ओळख क्रमांक) लिहा आणि 'नोफेल' द्या, नाहीतर डिस्क काढलेली असताना होस्ट बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो. दुसरी खोच लोकांच्या लक्षात येत नाही. डिस्क माउंट झालेली (फोल्डरला जोडलेली) नसली तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे एसएसडीच्या रूटवर पडतो. रूट भरलं की वेबवरून लॉगिनही होईना. 'स्टोरेज डॉट सीएफजी' फाईलमध्ये त्या स्टोरेजखाली 'इज_माउंटपॉइंट १' अशी ओळ घाला, मग डिस्क नसेल तेव्हा बॅकअप सरळ एरर देतो.
किती ठेवायचे? रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे ३. एक फाईल ३० जीबी धरली तरी १४ मिळून ४२० जीबी.
मोड 'स्टॉप' ठेवा. व्हीएम नीट बंद होतो, बॅकअप सुरू झाला की मागून व्हीएम परत चालू होतो, पूर्ण वेळ थांबावं लागत नाही. 'स्नॅपशॉट' मोडमध्ये गेस्ट एजंट (विंडोजच्या आत बसून होस्टशी बोलणारा प्रोग्रॅम) नसेल तर प्लग उपटल्यासारखी अवस्था साठते. एजंट टाकायचाच तर विंडोज ७ ला व्हर्टआयओची (ज्यात एजंट आणि ड्रायव्हर येतात ती) ताजी आयएसओ चालत नाही, ०.१.१७३ घ्या.
आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा डिस्कचा कॅशे 'नो कॅशे'च राहू द्या. वेगासाठी 'अनसेफ' करू नका.

निपाणी_छपाई
समजलं अण्णा. दुसऱ्या होस्टवर रिस्टोअर केलं तर डोंगलचं काय?

टिळकवाडी_सर्व्हर
डोंगल बॅकअपमध्ये येत नाही, फक्त त्याची नोंद येते. ती व्हेंडर आयडीनं दिलेली असेल तर नव्या होस्टच्या कुठल्याही पोर्टात खुपसा, चालतं. पोर्टनं दिली असेल तर नव्या मशीनवर नंबर जुळत नाही, नोंद परत करावी लागते. एक डोंगल एका वेळी एकाच व्हीएमला, म्हणून तर ९०० मधली नोंद काढायला सांगितली.
ब्रिजचं (व्हीएमला नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) नाव नव्या होस्टवरही व्हीएमबीआर० च ठेवा, नाव वेगळं असेल तर व्हीएम चालूच होत नाही. होस्टची सेटिंगं व्हीएमच्या बॅकअपमध्ये नसतात. नेटवर्कची 'इंटरफेसेस' फाईल आणि प्रॉक्समॉक्सच्या सेटिंगांचं 'पीव्हीई' फोल्डर त्याच बाहेरच्या डिस्कवर वेगळं कॉपी करा. आणि विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, त्या व्हीएमला इंटरनेट देऊ नका, प्रिंटरपुरतं नेटवर्क बास.