थिंड खटल्यातला 'हिंदू' मराठीत कसा लिहावा?

प्रश्न : भगतसिंग थिंड यांच्या अमेरिकेतल्या नागरिकत्वाच्या खटल्यावर मराठीत लेख लिहिते आहे. १९२३च्या निकालात सुरुवातीलाच प्रश्न मांडलाय, तो साधारण असा : अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्चजातीय 'हिंदू' हा गोरा माणूस ठरतो का? पण थिंड तर शीख. अमेरिकी सैन्यात होते तेव्हाही त्यांच्या डोक्यावर फेटा होता. 'हिंदू' तसंच ठेवलं तर वाचक म्हणणार, बाईंना एवढंही ठाऊक नाही. 'भारतीय' केलं तर मूळ शब्द हरवतो. काय करावं?

उत्तर : 'हिंदू'च ठेवा, अवतरणचिन्हात घाला आणि पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्या. न्यायालयाचा शब्द आपण बदलू नये.

उत्तर : ताई, अवतरणचिन्ह हवंच, पण तेवढ्याने भागणार नाही. त्या काळी अमेरिकेत आणि कॅनडात हिंदुस्थानातून आलेला कुणीही 'हिंदू'. १९१४ साली कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलं. त्यावरचे ३७६ प्रवासी बहुतेक शीख, काही मुसलमान, हिंदू अगदी मोजके, पण तिथल्या बोलण्यात सगळे सरसकट 'हिंदू'. शब्द धर्माचा, अर्थ देशाचा आणि वापर बहुधा हिणवायला.

गंमत अशी की याला मराठीत चपखल शब्द होता : 'हिंदी'. जुन्या लिखाणात 'हिंदी लोक', 'हिंदी जनता', 'हिंदी व्यापारी' म्हणजे भारतातले. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याबद्दलही 'तिथल्या हिंदी लोकांचे हक्क' असंच लिहीत. हिंदी महासागर आपण अजून म्हणतो, तिथे भाषेचा काय संबंध? पण आज 'हिंदी माणूस' म्हटलं की हिंदी बोलणाराच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे निकालातलं वाक्य देताना 'हिंदू', तुमच्या स्वतःच्या वाक्यांत 'भारतीय' आणि त्या काळचा मराठी उतारा दिलात तर त्यात 'हिंदी', असं मी करेन.

खरं तर त्या खटल्यात कीस पाडला गेला तो 'गोरा' या शब्दाचा. १७९०च्या अमेरिकी कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी 'स्वतंत्र गोऱ्या माणसा'लाच नागरिकत्व मिळे. १८७०मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना वाट मोकळी झाली, आशियाई बाहेरच राहिले. नोव्हेंबर १९२२मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा (त्या काळच्या वंशशास्त्रात युरोपीय लोक ज्यात धरत तो वंश), तेव्हा तुम्ही नाही. थिंड यांची बाजू अशी की वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले लोक कॉकेशियनच. तर तीनच महिन्यांनी त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं की हे बोलभाषेतले शब्द आहेत, सामान्य माणूस जो अर्थ घेतो तो धरायचा. कोशातला अर्थ खरा की लोकांच्या तोंडचा, यावर आपण इथे किती वेळा भांडलो आहोत! तिथे त्याच वादावर एका माणसाचं नागरिकत्व गेलं. हे वाचून मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. अजून एक अडलंय. 'नॅचरलायझेशन'ला, म्हणजे परदेशी माणसाला नागरिक करून घेण्याला, 'स्वीकृत नागरिकत्व' चालेल का? आणि त्याच्या उलट काय?

उत्तर : 'स्वीकृत नागरिकत्व' चालेल, 'नागरिकीकरण' जरा जड वाटतं. उलट अर्थासाठी मात्र एकच नाम शोधत बसू नका, क्रियापदं वापरा. 'नाकारलं' आणि 'काढून घेतलं' यांत फार अंतर आहे. थिंडनाच बघा. डिसेंबर १९१८मध्ये सैन्याच्या गणवेशात नागरिकत्वाचा दाखला घेतला, चार दिवसांत तो रद्द. १९२०मध्ये ऑरेगन राज्यात पुन्हा मिळाला, त्याविरुद्धच सरकार वरच्या न्यायालयात गेलं आणि १९२३चा निकाल आला. शेवटी माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्याच्या आधारे १९३६मध्ये तिसऱ्यांदा मिळाला. मिळाला, रद्द, मिळाला, काढून घेतला, मिळाला. 'नागरिकत्वाचा प्रश्न प्रलंबित राहिला' अशा वाक्यात यातलं काहीच उरत नाही.

हिंदुस्थानातूनच अमेरिकेत गेलेल्या वैष्णोदास बगाई यांच्याबाबतीत तर कर्ता स्पष्ट दिसलाच पाहिजे. १९२१मध्ये ते अमेरिकी नागरिक झाले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं. थिंड निकालानंतर सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. दुकान, मालमत्ता विकावी लागली. भारतात जायला अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली. वर्तमानपत्रासाठी लिहून ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं की सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे. तिथे 'नागरिकत्व गेलं' लिहू नका ताई. ते आपोआप गेलं नव्हतं.

सखाराम गणेश पंडित यांच्यासाठी 'टिकवलं' हे क्रियापद. तेही हिंदुस्थानातून गेलेले, लॉस एंजेलिसचे वकील. सरकार त्यांच्याही मागे लागलं, पण १९२६मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले.

लेख १९४६च्या अमेरिकी ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत नेणार असाल तर त्यातला शब्दप्रयोग जरूर द्या. वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना प्रवेश, पण नागरिकत्वाचं दार उघडलं, आणि तिथे शब्द आहेत 'भारतातील मूळ वंशांचे लोक'. 'हिंदू' नाही, जात नाही. हा फरक वाचकाला दिसावा म्हणून तरी १९२३चा 'हिंदू' जसाच्या तसा ठेवा.