डी-३०२ च्या रेडिएशनबाबत सोसायटी ग्रुपवरील चर्चा, जुलै २०२०

सचिव : नमस्कार. काल सकाळी डी-३०२ मधील रुग्ण उपचारासाठी निघाले असता त्यांना करोनाच्या भीतीने लिफ्टपाशी अडवण्यात आले. झाले ते योग्य नव्हते. मात्र ज्यांच्या मनात भीती आहे, त्यांनीही ती येथे मोकळेपणाने मांडावी.

डी-३०२ : ह्यांच्या मेंदूतील गाठीचे ऑपरेशन गेल्या महिन्यात झाले. ती ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कर्करोग, असल्याने सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, एकूण ३० वेळा रेडिएशन घ्यायचे असून कालचे अकरावे होते. लोकल आपल्यासाठी बंद असल्यामुळे माझा भाऊ मुलुंडहून परळपर्यंत स्वतःच्या गाडीने, काचा उघड्या ठेवून नेतो आणि तेथे बाहेरच थांबतो. डोके तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिकचा साचा बसवून तो टेबलाला पक्का करतात. घरी आल्यावरही कपाळावर त्या जाळीचे चौकोन उमटलेले दिसतात. एवढे सोसून आलेल्या माणसाला आपल्याच दारात खुलासा द्यावा लागला, याचे फार वाईट वाटले.

बी-१०४ : वहिनी, काल अडवणारा मीच होतो आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. घरात ७८ वर्षांची आई आहे, तिच्या काळजीने बोललो. सध्या पुष्कळ ऑपरेशने पुढे ढकलली जात आहेत, तसे हे उपचार महिनाभर थांबवता येणार नाहीत का?

सी-५०१ : मी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. ज्यांना थांबता येते त्यांना आम्ही थांबवलेच आहे : त्रास न देणारा लहान मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची, बहुधा साधी गाठ) असेल तर एमआरआय करत लक्ष ठेवतात, आणि नाकावाटे करायचे पिट्युटरीचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे) ऑपरेशन, दृष्टीला धोका नसेल तर, लांबवतात, कारण नाकात काम करताना हवेत सूक्ष्म थेंब उडतात. वयस्कर रुग्णांना ३० ऐवजी १५ वेळांत रेडिएशन देऊन फेऱ्याही कमी करतात. भावोजींचे वय ५२ आहे आणि ही गाठ झपाट्याने वाढणारी आहे; मध्येच महिनाभर खंड पडला तर आतापर्यंतच्या उपचाराचा फायदा हातचा जाईल. शिवाय कर्करोगावरच्या टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांनी रक्तातील लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी कमी होतात. म्हणजे आपल्याला त्यांच्यापासून आहे त्याहून मोठा धोका त्यांना आपल्यापासून आहे, हे कृपया सर्वांनी लक्षात घ्यावे.

बी-१०४ : सिस्टर, भावोजी घेत असलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड करोनावरही देतात, असे बातम्यांत आले होते. मग त्यांना त्याचे संरक्षण नाही का?

सी-५०१ : नाही. ते ऑक्सिजन लागणाऱ्या गंभीर रुग्णांना उपयोगी पडते. संसर्ग टाळण्याचे ते औषध नव्हे. मेंदूची सूज उतरावी म्हणून ते दिले जाते, त्याने प्रतिकारशक्ती कमी होते, आणि तरीही भीतीपोटी ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. त्याने ताप दबतो, त्यामुळे गेटवरच्या तापाच्या बंदुकीत आकडा ठीक आला म्हणून वहिनी, तुम्ही निर्धास्त राहू नका. खोकला, दम किंवा ऑक्सिमीटरवर उतरणारा आकडा दिसला तर लगेच कळवा. डोकेदुखीबरोबर उलट्या, गुंगी किंवा फिट आली, तर करोनाच्या भीतीने घरी थांबू नका, तडक रुग्णालय गाठा.

ए-२०३ : माझे असे म्हणणे आहे की सकाळी ९.१५ ते ९.३० डी-विंगची लिफ्ट फक्त त्यांच्यासाठी ठेवावी. आम्ही म्हातारी माणसे तेवढा वेळ घरात बसू.

सचिव : मान्य. परतीची वेळ वहिनींनी निघताना कळवावी. त्यांच्या आधी वॉचमन लिफ्टची बटणे पुसून ठेवेल आणि तळमजल्यावर कोणीही मास्कशिवाय उभे राहणार नाही.

बी-१०४ : बटणे पुसण्याचे मी पाहीन, वहिनी. वॉचमनची ड्यूटी तेव्हाच बदलते.

डी-३०२ : सर्वांचे आभार. उद्या ९.२० ला निघू. गुरुवारी रक्त न्यायला लॅबचा मुलगा घरी येईल, त्यालाही कृपया गेटवरून वर सोडावे.