१०० गिग रॉकी: दोन नोडमध्ये ९७ जीबीपीएस, आठही नोड एकदम बोलले की वेग कोसळतो. ओफेड टाकावं का?

प्रश्न: क्लस्टर_सांभाळणारा

आठ सर्व्हर, उबुंटू २२.०४, प्रत्येकात एमएलएक्स-५ ड्रायव्हरवर चालणारं १०० गिगचं एक पोर्ट, मध्ये एकच इथरनेट स्विच. ट्रॅफिक रॉकी व्ही-२, म्हणजे इथरनेटवरून आरडीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट दुसऱ्या सर्व्हरच्या मेमरीत वाचणं-लिहिणं). परफटेस्ट या वेग मोजणाऱ्या टूलने कोणतेही दोन नोड तपासले तर ९७ जीबीपीएस मिळतात. पण ओपन-एमपीआय या समांतर प्रोग्रॅमांच्या लायब्ररीमधून आठही नोडवर ऑल-टू-ऑल (प्रत्येक नोड बाकी सगळ्यांना पाठवतो) चालवलं की प्रत्येकाला १५-२० सुद्धा मिळत नाहीत. लेटन्सीचा आकडा तर एका सेकंदात मायक्रोसेकंदांवरून मिलिसेकंदांवर जातो.

दोन शंका आहेत. ओपनफॅब्रिक्स अलायन्सचं ओफेड (आरडीएमएचे ड्रायव्हर आणि लायब्ररी) टाकायचं, कार्डवाल्या कंपनीचं पॅकेज टाकायचं, की उबुंटूतलंच पुरे? आणि ही घसरण ड्रायव्हरमुळे आहे की नेटवर्कमुळे?

उत्तर १: कर्नल_आणि_केबल

आधी पॅकेजचं, कारण यात बऱ्याच जणांची गल्लत होते.

इन्फिनीबँड या क्लस्टरसाठीच्या वेगवान नेटवर्कचं स्पेसिफिकेशन आयबीटीए ही वेगळी संस्था लिहिते, रॉकीचंही तीच. सॉफ्टवेअरसाठी २००४ मध्ये ओपनआयबी अलायन्स उभी राहिली. त्याआधी प्रत्येक कार्ड कंपनीचा स्टॅक निराळा होता आणि एकावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नव्हता. इथरनेटवरचं आयवॉर्प (आरडीएमएचा आणखी एक प्रकार) आल्यावर नुसतं ‘आयबी’, म्हणजे इन्फिनीबँड, हे नाव अपुरं पडलं, म्हणून २००६ मध्ये ती ओपनफॅब्रिक्स अलायन्स झाली. कोड जीपीएल-२ आणि बीएसडी अशा दुहेरी परवान्यात ठेवला, म्हणून तो लिनक्स कर्नलमध्येही गेला आणि फ्रीबीएसडी-विंडोजवरही.

कर्नलमधला भाग २.६.११ पासून मुख्य लिनक्समध्येच आहे. ओफेड हा त्याच कोडचा जुन्या कर्नलसाठी बांधलेला गठ्ठा होता. डिस्ट्रोचे कर्नल मागे असत, तेव्हा त्याची खरी गरज होती. २०१६ मध्ये लिबआयबीव्हर्ब्ज, आरडीएमए-सीएम (जोडणी करून देणारी लायब्ररी) आणि प्रत्येक कार्डच्या लायब्ररी आरडीएमए-कोअर या एका रिपॉझिटरीत एकत्र झाल्या. तुमच्या उबुंटूत तेच आहे. रॉकी, एमपीआय, एनएफएस यासाठी ते पुरतं.

कंपनीचं पॅकेज घ्यायचं ते नेमकं कारण असेल तरच: जीपीयूची एखादी सोय, अगदी नवं कार्ड, किंवा सपोर्ट करारात तशी अट. एनव्हिडियाचं एमएलएनएक्स-ओफेड आता स्वतंत्र येत नाही, २०२४ नंतर त्याची जागा डोका-ओफेडने घेतली आहे, तेव्हा जुन्या ब्लॉगमधल्या इन्स्टॉलच्या पायऱ्या तशाच वापरू नका. असं पॅकेज टाकलं की डिस्ट्रोचं आरडीएमए-कोअर निघतं आणि कर्नल मॉड्यूल बदलतात. पुढच्या कर्नल अपडेटनंतर मॉड्यूल पुन्हा बांधलं गेलं नाही, तर बूट झाल्यावर कधीकधी कार्डच दिसत नाही. लस्टर ही फाइल सिस्टम असेल तर त्याचं ओ-टू-आयबी मॉड्यूल त्याच हेडरवर बांधावं लागतं, नाहीतर सिम्बॉल व्हर्जन जुळत नाही म्हणून ते लोडच होत नाही.

तुमची घसरण यापैकी कशामुळेही नाही. दोन नोडमध्ये ९७ मिळतात म्हणजे ड्रायव्हर, पीसीआय लेन आणि एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) तिन्ही ठीक आहेत. रॉकी व्ही-२ मध्ये प्रत्येक पॅकेटमागे, प्रिअँबल आणि गॅप धरून, सुमारे ८२ बाइट वरखर्च असतो. ४०९६ च्या एमटीयूला त्यामुळे कमाल ९८ टक्के मिळतात, १०२४ ला ९२-९३. इथरनेटचा एमटीयू १५०० वर राहिला असता तर आरडीएमएचा आपोआप १०२४ झाला असता आणि तुम्हाला ९७ दिसलेच नसते.

उत्तर २: पॉज_फ्रेम

वरच्या उत्तराशी सहमत. हे इनकास्ट आहे (अनेकांनी एकाच पोर्टवर एकदम मारा करणं), आणि दोन नोडच्या चाचणीत ते कधीच दिसणार नाही.

हिशेब करा: सात नोड एकदम आठव्याकडे पाठवतात तेव्हा स्विचच्या एका पोर्टकडे ७०० गिग येतात आणि बाहेर १०० जातात. उरलेले ६०० गिग म्हणजे सेकंदाला ७५ गिगाबाइट. स्विचचा बफर १६ मेगाबाइट धरला, तर तो ०.२ मिलिसेकंदात भरतो आणि पॅकेटं टाकली जातात. टीसीपी हे सोसतं. रॉकीत मात्र साधारणपणे एक पॅकेट गेलं की त्या पॅकेटपासून पुढचं सगळं परत पाठवावं लागतं, शेवटचंच गेलं असेल तर टाइमआउटची वाट पाहावी लागते. तुमचे मिलिसेकंद तिथून येतात.

आधी पुरावा बघा. सिस-एफएसमध्ये कार्डच्या पोर्टखाली एचडब्ल्यू-काउंटर्स नावाची डिरेक्टरी आहे. त्यात पॅकेट-सिक्वेन्स-एरर, आउट-ऑफ-सिक्वेन्स आणि लोकल-अ‍ॅक-टाइमआउट हे तीन आकडे ऑल-टू-ऑलच्या आधी आणि नंतर नोंदवा. वाढले असतील तर पॅकेटं हरवत आहेत. मग ईथटूलच्या आकड्यांत प्रायॉरिटी ३ आणि प्रायॉरिटी ० चे बाइट बघा. रॉकी ट्रॅफिक ० मध्ये दिसत असेल, तर स्विचवर पीएफसी (ठरावीक प्रायॉरिटीचंच ट्रॅफिक थांबवायला सांगणारी पॉजची सोय) कितीही नीट लावलेलं असो, त्याचा उपयोग शून्य.

सेटिंग असं: रॉकी डेटा डीएससीपी (आयपी हेडरमधली वर्गाची खूण) २६ आणि प्रायॉरिटी ३ वर, गर्दीची सूचना देणारी सीएनपी पॅकेटं डीएससीपी ४८ आणि प्रायॉरिटी ६ वर. पीएफसी फक्त ३ वर चालू, बाकी सगळीकडे बंद. जुना ग्लोबल पॉज ईथटूलने बंदच करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. यासाठी कंपनीचं टूल लागत नाही, २२.०४ च्या आयपीरूट-टू मध्ये ‘डीसीबी’ कमांड आहे. तिच्या पीएफसी भागात ३ चालू करा आणि अ‍ॅप भागात डीएससीपी २६ ला प्रायॉरिटी ३ जोडा. डीएससीपीची पहिली नोंद टाकताच एमएलएक्स-५ ड्रायव्हर स्वतःहून डीएससीपीवर विश्वास ठेवायला लागतो. हे बूटनंतर टिकत नाही, सिस्टमडी युनिटमध्ये घाला.

स्विचवर तीच जोडणी, शिवाय प्रायॉरिटी ३ च्या रांगेवर ईसीएन (गर्दी वाढताच पॅकेटवर खूण करणं). थ्रेशोल्ड १५० केबी ते १५०० केबी धरून सुरुवात करा. ईसीएन आधी जागं झालं पाहिजे, पीएफसी हा शेवटचा बांध आहे. पॉज सतत जात असतील तर खालचा थ्रेशोल्ड कमी करा.

उत्तर ३: नुमा_नोड

एक खाचखळगा सांगतो, बहुतेक लोक इथेच अडकतात. डीफॉल्ट टॉस (डीएससीपी ज्यात असतं तो बाइट) ठरवणारं जे सेटिंग कॉन्फिग-एफएसमध्ये असतं, ते फक्त आरडीएमए-सीएममधून जोडणाऱ्या प्रोग्रॅमना लागू होतं. ओपन-एमपीआय यूसीएक्स या डेटा पाठवणाऱ्या लायब्ररीवरून जातं आणि यूसीएक्स सहसा क्यू-पेअर (दोन टोकांची जोडणी) स्वतः जोडतं, त्यामुळे त्याच्या पॅकेटांना ते सेटिंग लागू होत नाही. यूसीएक्सच्या ‘आयबी ट्रॅफिक क्लास’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १०६ द्या. २६ गुणिले ४ म्हणजे १०४, त्यात ईसीएनचा बिट चालू करायला २. नुसते १०४ दिले तर पीएफसी चालेल, पण स्विच ईसीएनची खूण करू शकणार नाही आणि तुम्ही दिवसभर थ्रेशोल्ड बदलत बसाल. एनसीसीएल (जीपीयूंसाठीची लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा ‘टीसी’ व्हेरिएबल वेगळा आहे, तोही १०६.

जीआयडी (कार्डचा आरडीएमए पत्ता) इंडेक्सही पक्का करा. एका आयपीव्ही-४ पत्त्याच्या कार्डवर रॉकी व्ही-२ बहुधा इंडेक्स ३ वर असतं, पण व्हीलॅन जोडला की क्रम हलतो. सिस-एफएसमधल्या जीआयडी टाइप्समध्ये बघूनच ठरवा. चुकून व्ही-१ ची जीआयडी निवडली तर पॅकेटवर आयपी हेडरच नसतं, मग डीएससीपी कुठून येणार? एका स्विचवर ते चालूनही जातं, म्हणून लक्षात येत नाही.

स्लर्म (जॉब वाटणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या सर्व्हिसमध्ये मेमलॉकची मर्यादा ‘इन्फिनिटी’ करा. आरडीएमएला मेमरी पिन करावी (जागेवर बांधून ठेवावी) लागते. लिमिट्स फाइलमध्ये ती अमर्याद असली तरी सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसला ती फाइल लागू होत नाही. मग हाताने चालवलेला जॉब नीट आणि स्लर्ममधून ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’, असा प्रकार होतो.

प्रश्नकर्ता: क्लस्टर_सांभाळणारा

सिक्वेन्स एरर आठही नोडवर वाढत होते आणि सगळे बाइट प्रायॉरिटी ० मध्ये. स्विचवर पीएफसी ३ वर आधीपासून होतं. ट्रॅफिक क्लास १०६ दिल्यावर बाइट ३ मध्ये आले, सिक्वेन्स एरर थांबले, वेग सुधारला. पण एका नोडच्या पोर्टवर स्विचला येणारे पॉज बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. केबल बदलू का?

उत्तर ४: पॉज_फ्रेम

केबल नको. खराब केबलीने सीआरसी एरर वाढतात, पॉज नव्हे. नोड स्वतः पॉज पाठवतोय म्हणजे आलेला डेटा त्याला वेळेत मेमरीत टाकता येत नाही. त्या नोडवर एलएसपीसीआयने लिंकची स्थिती बघा. पीसीआय जेन-३ गुणिले १६ (म्हणजे १६ लेन) हवी. ती गुणिले ८ असेल तर ६३ गिगच्या वर जागाच नाही. स्लॉट चुकीचा असतो किंवा कार्ड पूर्ण बसलेलं नसतं. पण मग त्या नोडच्या जोडीला ९७ मिळाले नसते, म्हणून जोडीची चाचणी त्याच नोडवर पुन्हा करा, दोन्ही दिशांना. लिंक ठीक निघाली तर नुमा तपासा: कार्ड एका सॉकेटवर आणि एमपीआयच्या प्रोसेस दुसऱ्यावर असतील तर त्यांना कार्डच्या सॉकेटवर बांधा. बायॉसमधला पॉवर मोडही बाकी सात नोडशी जुळवून बघा.

तोवर स्विचवर पीएफसी वॉचडॉग चालू करा. एक अडलेला नोड पॉज पाठवत राहिला तर स्विचचा बफर भरतो, स्विच बाकीच्या सातांना पॉज देतो आणि ज्यांचा त्या नोडशी काही संबंध नाही त्यांचेही जॉब थांबतात. वॉचडॉग ठरलेल्या मिलिसेकंदांनंतर त्या रांगेतली पॅकेटं टाकून इतरांना मोकळं करतो.