कमान गेली, गोझो आहे

‘अझुर विंडो पडली, आता गोझोला जायचं कशाला?’ असा सूर हल्ली ऐकू येतो, तो काही पटला नाही. ती चुनखडीची कमान मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात गेली, हे खरं. पण माल्टाच्या शेजारच्या या जेमतेम ६७ चौरस किलोमीटरच्या बेटाचा खरा ऐवज जगान्तियाची दगडी मंदिरं. इ.स.पू. ३६०० च्या आसपासची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून हजारेक वर्षं जुनी! एवढाले दगड माणसांनी रचले यावर विश्वास न बसल्याने लोकांनी ते काम एका राक्षसिणीच्या नावावर टाकलं. (आपण पांडवांच्या नावावर टाकतो, तसंच.)

गोझोच्या किल्ल्यावर गेलात तर १५५१ साल आठवा. तुर्की आरमाराने वेढा घातला, किल्ला पडला आणि पाचेक हजार माणसं, म्हणजे जवळजवळ अख्खं बेट, गुलाम म्हणून नेली गेली.

आणि कमानीच्या जागेजवळच समुद्रात उभा असलेला फंगस रॉक चुकवू नका. त्यावरच्या एका वनस्पतीने रक्तस्राव थांबतो अशी माल्टाच्या सरदारांची (तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची) समजूत होती, म्हणून त्या खडकावर चक्क पहारा असे.