बाबांचा स्वभाव बदललाय की मेंदूचं काही आहे?

कोथरूडची_लेक

नमस्कार. आई-बाबा सदाशिव पेठेत दोघंच राहतात, मी कोथरूडला. बाबा ६७ वर्षांचे. सगळा जन्म बँकेत हिशेब सांभाळण्यात गेला, पण हल्ली दूधवाल्याचं बिल दोनदा देतात आणि पैसे कमी भरले की आईनेच घेतले म्हणतात. नातवंडांवर कधी आवाज न चढवणारा माणूस चष्मा सापडला नाही म्हणून थरथरेपर्यंत ओरडतो. शेजारच्या काकांशी बोलणं बंद केलंय, कारण विचारलं तर सांगत नाहीत. रोज सकाळी पर्वतीला जायचे, तेही सोडलं. म्हणतात, पायाखाली गादी अंथरल्यासारखी वाटते, पायऱ्या उतरायची भीती वाटते.

बऱ्याच वर्षांपासून डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी. घरी पूर्ण शाकाहार. हिमोग्लोबिन परवाच पाहिलं, नॉर्मल आहे.

आत्या म्हणते, रिटायर झालेल्या माणसाचं असंच होतं. दादा म्हणतो, आजोबाही शेवटी असेच चिडके झाले होते, रक्तातच आहे. मानसोपचाराचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "मला वेड लागलेलं नाही." आई रडकुंडीला आली आहे. सुरुवात कुठून करू?

सारसबाग_सकाळी

आत्याबाईंचं अगदीच खोटं नाही. माझे सासरे नोकरी सुटल्यावर असेच घुम्यासारखे बसायचे. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं, दुपारी ग्रंथालयात जायला लागले, हळूहळू माणसांत आले. बाबांनाही घराबाहेर काढा. एकटं बसलं की डोकं फिरतंच.

कसब्यातली_डॉक्टर

ताई, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पायाखाली गादी. कसब्यात इतकी वर्षं दवाखाना चालवतेय, आणि हे वाक्य कानावर आलं की मी पेशंटच्या घोट्याला आधी ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) लावून कंप जाणवतो का ते बघते. पाय जमिनीवर नक्की कुठे पडलाय ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तंतूंमधून मेंदूकडे जाते. त्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि ते टिकायला बी-१२ जीवनसत्त्व लागतं. मेंदूतल्या तंतूंवरही हेच आवरण आहे. म्हणून एकाच कमतरतेने पाऊल अडखळतं, विसरायला होतं, चिडचिड वाढते, काहींना तर भास आणि संशयही येतात. बाबांना हेच झालंय असं मी इथे बसून सांगणार नाही. डायबेटिसनेही पायांच्या नसा बिघडतात. पण बी-१२ न तपासता 'स्वभाव' म्हणून मोकळं होऊ नका.

बाबांच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. शाकाहारात बी-१२ मिळतं ते बहुतेक दूध-दही-ताकातूनच. अन्नातलं बी-१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं, ते अ‍ॅसिडिटीच्या गोळीने कमी होतं. पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आड येतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सगळं इतकं सावकाश घडतं की घरच्यांना वाटतं माणूस बदलला. आपल्याकडे ही कमतरता दुर्मीळ नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गर्भवतींचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं.

हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त चांगलं असतानाही नसांवर परिणाम झालेला असू शकतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक तर मुळीच देऊ नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. बी-१२ बरोबर टीएसएच (थायरॉईडसाठी), सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. थायरॉईड मंदावलं तरी माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो.

दादांना सांगा, आनुवंशिकतेने धोका वाढतो, निकाल लागत नाही. शिवाय आजोबांचं स्वयंपाकघरही तेच होतं. आत्यांनाही सांगा की निवृत्तीनंतर खरंच नैराश्य येतं, आणि म्हातारपणी ते पुष्कळदा विसराळूपणाच्याच रूपात दिसतं. तेही मेंदूतच घडतं. झोप, भूक, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, सगळं त्यात ओढलं जातं. सारसबागवाल्यांचा सल्ला चांगलाच आहे, पण आधी तपासणी.

आईसाठी एक. बिल दिल्याचं बाबांना आठवत नाही, पाकिटात पैसे तर कमी दिसतात. मेंदूला कारण हवंच असतं, आणि घरात दुसरं माणूस एकच आहे. म्हणून आईंनी शपथा घेऊन, पुरावे दाखवून पटवत बसू नये. "चला, दोघं मिळून शोधू," एवढंच म्हणावं. फार सोसतायत त्या.

नारायण_पेठ_७०

मेडिकलमधून बी-१२ चं इंजेक्शन आणून आजच टोचून घेतलं तर? नाहीतरी नुकसान काय?

कसब्यातली_डॉक्टर

काका, आधी रक्त द्यायचं. इंजेक्शननंतर रक्तातला आकडा फुगतो आणि मुळात कमी होतं की नाही हे कळायचा रस्ताच बंद होतो. रक्त दिल्यावर मात्र उपचार लांबवू नयेत, नसांना उशीर परवडत नाही.

कोथरूडची_लेक

पायांसाठी तपासणी म्हटल्यावर बाबा लगेच तयार झाले! उद्या सकाळी रक्त देणार आहेत. बी-१२ कमी निघालं तर ते पूर्वीसारखे होतील का? आणि मानसोपचारतज्ज्ञांची गरजच नाही ना मग?

कसब्यातली_डॉक्टर

बरं झालं, पायांचंच निमित्त ठेवा. कमी निघालं तर रक्त थोड्या आठवड्यांत सुधारतं, नसांना महिने लागतात, आणि नुकसान जुनं असेल तर सगळं परत येत नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

आकडा नॉर्मल आला, किंवा उपचार करूनही विसरणं आणि संशय वाढत गेला, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. काही आजारांत मेंदूचा पुढचा भाग आधी झिजतो, तिथे स्मरणशक्तीच्या आधी वागणूकच बदलते. प्रागच्या अर्नोल्ड पिक या डॉक्टरांनी १८९२ मध्ये याच गटातल्या आजाराचा रुग्ण नोंदवला होता.

मानसोपचारतज्ज्ञ लागणारच नाहीत असं मात्र धरू नका. बी-१२ कमी आणि नैराश्यही, असं दोन्ही एकत्र असू शकतं. झोप उडाली, जेवण तुटलं किंवा "आता जगून काय करायचं" अशी भाषा आली तर रिपोर्टची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात, आईसुद्धा फोन करू शकतात.

मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. अ‍ॅसिडिटीची गोळी अजून लागते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट आला की बी-१२ चा आकडा युनिटसकट लिहा, काही लॅब पिकोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये.