मदत हवी आहे (२०२५): नारळ साठीला गेला, वाटपाचं (म्हणजे वाटणाचं) आणि गणपतीचं कसं जमवायचं?

आम्ही मूळचे कुडाळकडचे, राहायला डोंबिवलीत. घरात सहा माणसं. रोज एक नारळ फुटतो, माशाची कढी असली तर दीड. गेल्या वर्षी पंचवीस-तीसला येणारा नारळ आता पन्नास, जरा दिसायला बरा असला की साठ. फोडला तर आत खोबरं पातळ. परवा एक कुजकाच निघाला, तर दुकानदार म्हणतो फोडलेला परत घेत नाही. खोबरेल तेल तर विचारूच नका.

'सुकं खोबरं वापर' हा सल्ला कृपया नको, तेही त्याच झाडाचं. २०२५ साठी गोटा खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला १२,१०० रुपये आहे आणि बाजार त्याच्या कितीतरी वर चाललाय. पाकिटातल्या नारळदुधाची सोलकढी एकदा केली, कोणी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली नाही.

रोजच्या वाटपात नारळ कमी कसा करायचा? शिवाय २७ ऑगस्टला गणपती, आमचा पाच दिवसांचा, रोज एकवीस मोदक. नारळ आत्ताच भरून ठेवू की भाव उतरायची वाट पाहू?

प्रतिसाद १
वाट पाहू नका. पुढे नारळी पौर्णिमा, मग गणपती, मग नवरात्र. मागणी कमी व्हायचा महिनाच नाही. आणि फुलोऱ्यापासून तयार नारळ व्हायला वर्षभर लागतं, म्हणजे गेल्या वर्षीचा उन्हाळा आपण आत्ता खातोय. केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातच माल कमी आहे, त्यात पांढरी माशी, आणि बरेच नारळ शहाळी म्हणून आधीच उतरवले जातात. आमच्या बागेत उरलेले वानर पाडतात. पाडणारा माणूस मिळाला तर झाडामागे मागेल ते द्यावं लागतं.

प्रतिसाद २
गो बाय, कांद्या-खोबऱ्याच्या वाटपात कांदो वाढव. खोबरा निम्मा कर नि मूठभर डाळा (फुटाण्याची डाळ) भाजून घाल, रस्सो दाट होता, कोणाक कळणा नाय. माशाच्या कढीत मात्र हात आखडू नको. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस माशाचा तिखला कर, तिरफळा नि कोकम घालून. त्याका नारळ लागणाच नाय.

प्रतिसाद ३
सोलकढीसाठी खवलेल्या नारळाचं पहिलं दूध काढल्यावर चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा वाटा. दुसरं-तिसरं दूध आमटीला चालतं. उरलेला चोथा मंद आचेवर कोरडा करून लसूण-मिरचीबरोबर चटणी. आमच्याकडे हल्ली चोथा फेकला तर घरात चौकशी होते.

प्रतिसाद ४
दुकानातून सुटे घेणं बंद करा. सोसायटीतली चार घरं मिळून वाशीच्या मार्केटातून शेकड्याने आणा, दर बराच खाली येतो. घेताना हलवून बघा. पाणी वाजलं नाही, डोळे ओलसर असले की ठेवून द्या. गावाहून येणारं कोणी असेल तर असोले, म्हणजे न सोललेले नारळ मागवा, चोडासकट महिना-दोन महिने सहज राहतात. सोललेल्याची शेंडी काढू नका. एकदम फोडून, खवून, एकेका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकल्या तरी गणपतीपर्यंत चव जात नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. डाळ्याचं वाटप काल केलं, सासूबाईंनी ओळखलं, पण जेवल्या. शेकड्याचं शेजारणींशी बोलले, तीन घरं तयार आहेत. आता मोदकांचं सांगा. एकवीस मोदकांना दोन नारळ, म्हणजे पाच दिवसांचे दहा. पूजेचे, ओटीचे, आरतीनंतर फोडायचे वेगळे. ते कमी करता येणार नाहीत.

प्रतिसाद ३
पहिल्या दिवशी उकडीचे, नारळाचेच करा. मधले दिवस चणाडाळीच्या पुरणाचे तळणीचे मोदक किंवा नुसती खिरापत. खिरापतीत खारीक-खडीसाखर वाढवली की खोबरं थोडं पुरतं. आणि फोडलेले नारळ दुसऱ्या दिवशी प्रसाद म्हणून वाटून संपवू नका, त्यातले निम्मे त्याच संध्याकाळी खवून सारणात घाला. देवाला दाखवलेलाच नारळ आहे, सासूबाईंचीही हरकत नसावी.

प्रतिसाद २
हरकत आसतली. पण आधी करून ठेव, मगे सांग.